संत बार्थोलोम्यू कल्याणला आले होते, हे इतिहास म्हणून सांगावे का?

उल्हासकाठ
२४ ऑगस्टला संत बार्थोलोम्यूंचा सण झाला आणि दरवर्षीचा मजकूर पुन्हा फिरला: येशूच्या बारा प्रेषितांपैकी एक असलेले बार्थोलोम्यू पहिल्या शतकात कल्याण बंदरात उतरले आणि उत्तर कोकणात ख्रिस्ती धर्म त्यांनीच आणला. श्रद्धा म्हणून हे जपायला कुणाचीच हरकत नसावी. पण इतिहास म्हणून हे सांगू नये, असे माझे ठाम मत आहे.

कथेचा सगळा भार एका उताऱ्यावर आहे. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला युसेबियस या बिशपने ख्रिस्तसभेचा इतिहास लिहिला. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या धर्मशिक्षणाच्या शाळेचा प्रमुख पँटेनस हिंदुस्थानात गेला, तेव्हा तिथल्या काही लोकांकडे मत्तयचे शुभवर्तमान (बायबलमधले येशूचे चरित्र) हिब्रू अक्षरांत आधीपासून होते आणि ते बार्थोलोम्यूंनी ठेवले होते, असे युसेबियस लिहितो. लिहिताना ‘असे सांगतात’ हेही तो स्वतःच नोंदवतो. कल्याणचा त्यात उल्लेखच नाही. ते नाव पुढे अभ्यासकांनी तर्काने जोडले; विसाव्या शतकात फादर पेरुमालिल आणि जॉर्ज मोराइस यांनी ते जोरात मांडले.

युसेबियसचे लॅटिन भाषांतर करणारा रुफिनस बार्थोलोम्यूंच्या वाट्याला जो ‘अलीकडचा’ (जवळचा) हिंदुस्थान देतो, तो इथिओपियाला लागून आहे. म्हणजे तांबड्या समुद्राचा परिसर, कोकण नव्हे. पँटेनसचा शिष्य क्लेमेंट बुद्धाचे नाव घेतो, हिंदुस्थानातल्या पंथांबद्दल लिहितो. पण आपले गुरू तिकडे जाऊन आले, असे त्याच्या उपलब्ध लेखनात कुठेही नाही. आणि आर्मेनियाची ख्रिस्तसभा तर बार्थोलोम्यूंना आपल्या आद्य प्रेषितांपैकी एक मानते. ते तिथेच हुतात्मा झाले, अशी तिची परंपरा आहे.

मला खरे दुःख वेगळ्याच गोष्टीचे आहे. या कथेच्या नादात पक्का पुरावा मागे पडतो. सहाव्या शतकात कॉस्मास हा व्यापारी लिहितो, की ‘कल्लियाना’ येथे इराणहून नेमलेला बिशप आहे. बंदरांच्या यादीत हे नाव सिंधच्या पुढे आणि मलबारच्या आधी येते. इथले पितळ, शिसवी लाकूड आणि कापड बाहेर जाते, असेही तो नोंदवतो. आपल्या कल्याणात चौदाशे वर्षांपूर्वी बिशप होता, हे किती जणांना ठाऊक आहे?

निर्मळवासी
तुमचा अभ्यास मान्य, निष्कर्ष मान्य नाही. ‘असे सांगतात’ या शब्दांवर सगळे निकालात काढायचे ठरवले, तर प्राचीन इतिहासातले फारच थोडे हाती उरेल. युसेबियसपुढे जुनी कागदपत्रे होती, त्यातली कितीतरी आज नष्ट झाली आहेत. ख्रिस्ती विद्वान जेरोम तर एका पत्रात लिहितो, की पँटेनसला ब्राह्मण आणि तत्त्वज्ञ यांच्यापुढे ख्रिस्त सांगायला पाठवले होते. ब्राह्मण इथिओपियात नव्हते.

शिवाय पहिल्या शतकात मोसमी वाऱ्यांवर इजिप्तहून जहाजे सरळ आपल्या किनाऱ्याला लागत होती. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर यवन (त्या काळी ग्रीक) दात्यांचे लेख आहेत. एवढी ये-जा असताना एक प्रेषित आला नसेल, असे कोणत्या आधारावर म्हणायचे?

आणि हे आमच्यासाठी केवळ पुस्तकी प्रकरण नाही. वसईत आमच्या पिढ्यांना ऐकवले गेले, की तुमचा धर्म पोर्तुगीजांच्या गलबतातून आला. १५३४ च्या आधी इथे ख्रिस्ती माणूसच नव्हता, असे लोक आजही बोलतात. ते ऐकून घेणारा माणूस प्रेषिताचे नाव धरून ठेवणारच.

लेणीवेडा
निर्मळवासी, जहाजांचा मुद्दा तुमच्याच विरुद्ध जातो. पेरिप्लस हा पहिल्या शतकातला ग्रीक खलाशी-वृत्तांत कल्याणबद्दल नेमके काय सांगतो पाहा. थोरला सारगन या राजाच्या काळात ती रीतसर बाजारपेठ होती. पुढे ती सांदनेस या दुसऱ्या राजाच्या ताब्यात गेली आणि तिथला व्यापार रोखला गेला. एखादे ग्रीक जहाज चुकून आलेच, तर त्याला पहाऱ्यात भडोचला नेत. नेमक्या प्रेषितांच्याच काळात कल्याण परदेशी जहाजांना बंद होते.

कार्ल्याच्या यवनांनी दान दिले ते बौद्ध संघाला. कान्हेरीच्या लेखांतही कल्याणचे दाते आहेत, तेही बौद्ध. त्या काळातला एकही ख्रिस्ती लेख या डोंगरांत नाही.

निर्मळवासी
बंदी जहाजांवर होती, माणसांवर नव्हती. भडोचला उतरून खुष्कीने किंवा सोपाऱ्याहून होडीने येता येते. आणि लेख कोरायला पैसा लागतो, श्रेणी (व्यापारी-कारागिरांचा संघ) लागते. मूठभर श्रद्धाळूंनी लेणे कोरले नाही, म्हणजे ते नव्हतेच, असे होत नाही.

आता तुमचा कॉस्मासच घ्या, उल्हासकाठ. श्रीलंकेत इराणी ख्रिस्ती व्यापारी आहेत, असे तो लिहितो, पण तिथे इराणहून नेमलेला आहे एक धर्मगुरू आणि एक डीकन (धर्मगुरूच्या हाताखालचा पदाधिकारी). कल्याणला मात्र बिशप! चार परदेशी दुकानदारांसाठी कोणी बिशप नेमत नाही. त्यामागे वस्ती मोठी हवी, जुनी हवी. ती कुणी उभी केली?

भिंगारची लेक
मी अहिल्यानगरकडची. आमच्याकडे अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये आले. माझे पूर्वज त्यानंतर विश्वासात आले. त्यांना कोणत्याही प्रेषिताने बाप्तिस्मा दिला नाही. गावकुसाबाहेरच्या माणसांनी अपमान सोसून, समजून-उमजून घेतलेला तो निर्णय होता.

म्हणून हा वाद वाचताना मला टोचते. केरळात संत थॉमसच्या परंपरेत प्रेषिताने ब्राह्मण घराण्यांना दीक्षा दिली, असे सांगतात, आणि त्या कथेतून उच्चकुलीनपणाचा दावा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. प्रेषित जितका जुना, तितकी आपली पंगत वरची, हे इथे आणू नका. निर्मळवासी, पोर्तुगीजांवरून टोमणा मारणाऱ्याला खरे उत्तर हे आहे, की सोळाव्या शतकात घेतलेली श्रद्धाही तेवढीच स्वतःची असते. तुमच्या वाडवडिलांनी १७३९ ला पोर्तुगीज गेल्यावरही ती सोडली नाही. याहून मोठा पुरावा कशाला हवा?

निर्मळवासी
ताई, १७३९ चा मुद्दा मनापासून पटला, पोरांना सांगेन. पण आमच्याकडे बार्थोलोम्यूंच्या नावावर कुणी वरची पंगत मागितलेली मी पाहिली नाही. आम्हाला फक्त उपरे ठरवू नका, एवढेच म्हणणे आहे.

उल्हासकाठ
उपरे न ठरण्यासाठी प्रेषित लागत नाही, हेच मी म्हणतो आहे. १३२१ मध्ये ठाण्यात तोलेंतीनोचा थॉमस आणि त्याचे तीन सोबती, हे फ्रान्सिस्कन या कॅथलिक संघाचे साधू, मारले गेले. त्यांना आसरा मिळाला होता तो ठाण्यातल्याच नेस्टोरियन, म्हणजे इराणी ख्रिस्तसभेच्या परंपरेतल्या, ख्रिस्ती घरात. पोर्तुगीजांच्या दोनशे वर्षे आधीची ही गोष्ट आहे, आणि ती लिहिणारे कॅथलिक नेस्टोरियनांना पाखंडी मानणारे होते. त्यांना इथे ख्रिस्ती दाखवण्यात काहीच स्वार्थ नव्हता. यापेक्षा भक्कम साक्ष युसेबियसकडे नाही.

बिशपाबद्दलचा तुमचा मुद्दा वजनदार आहे. वस्ती मोठी असणार. पण बिशप इराणहून येतो, म्हणजे धागा इराणी आखाताकडे जातो. बार्थोलोम्यूंची साक्ष देणारा पँटेनस अलेक्झांड्रियाचा. कल्याणची ख्रिस्तसभा त्या परंपरेतली असेल, तर तिचा बिशप इजिप्तहून का येत नाही?

निर्मळवासी
कारण मधल्या तीन-चारशे वर्षांत समुद्रावरचा व्यापार इराण्यांच्या हाती गेला होता. जो जहाजे पाठवतो, तोच बिशपही पाठवतो. मूळ कुणी लावले आणि पाणी कुणी घातले, हे वेगळे प्रश्न आहेत.

लेणीवेडा
हे उत्तर शक्यतेचे आहे, पुराव्याचे नाही. सहाव्या शतकातला बिशप आणि १३२१ चे ठाण्यातले घर, यांच्या मधल्या काळातले एखादे नाणे, क्रूस किंवा थडगे खाडीपट्ट्यात निघाले तर बोलता येईल. तोवर पहिल्या शतकातल्या प्रेषिताचे नाव कुठल्याही माहितीफलकावर लिहू नये.

निर्मळवासी
फलकावर मी ‘परंपरेनुसार’ असे लिहीन, आणि बार्थोलोम्यूंचे नावही लिहीन.