आजोबांचा हिरव्या काचेचा टेबल लॅम्प आणि दोन जुने शोपीस – साफ करू का, विकू का, काय करू?

महालची_लेक
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहून राहिली आहे, थोडं लांबेल. आमचं नागपूरच्या महाल भागातलं जुनं घर आता फ्लॅट स्कीमला चाललंय, दिवाळीआधी रिकामं करायचंय. माळ्यावरच्या एका पेटीत आजोबांचं सामान निघालं. आजोबा एम्प्रेस मिलमध्ये (कापडाच्या गिरणीत) हिशेबनीस होते. मला त्यांचं टेबल आठवतं पण हा लॅम्प कधी लागलेला आठवत नाही. पितळी दांडा, खाली जड बैठक, वर लांबट हिरव्या काचेची शेड, सिनेमात वकिलाच्या टेबलावर असते तशी. वायरवर कापडाचं विणकाम आहे आणि हात लावला की आतलं काळं रबर भुग्यासारखं गळतंय. त्याच पेटीत चिनी मातीची एक बाई, हातात टोपली, एक हात मनगटापासून तुटलेला (तुकडा आहे, आजीने कागदात बांधून ठेवला होता), तिच्या पायाखाली लाल अक्षरात मेड इन ऑक्युपाईड जपान असं लिहिलंय. आणि तिसरी एक काळी धातूची नाचणारी बाई, तिच्या हातात दिव्याचा होल्डर, म्हणजे ती पण लॅम्पच.
परवा एक जुन्या वस्तू घेणारे गृहस्थ येऊन गेले, तिन्हीचे मिळून चार हजार म्हणाले, रविवारी पैसे घेऊन येतो म्हणाले. जावई म्हणतात आधी चिंच-मीठ लावून चकाचक करू, म्हणजे जास्त मिळतील. आईचं मन होत नाहीये द्यायचं. मला यातलं काही कळत नाही पण घाईघाईत चूक व्हायला नको वाटते. कोणी सांगाल का?

जुना_उजेड
ताई, सगळ्यात आधी जावईबापूंच्या हातून ती चिंच काढून घ्या, हात जोडून सांगतो. पितळेवर इतक्या वर्षांत जो तपकिरी-काळपट रंग चढतो तो मळ नाही, तीच त्या वस्तूच्या वयाची साक्ष आहे, आणि एकदा घासून काढला की परत यायला पुन्हा तितकीच वर्षं लागतात. काही दिव्यांवर कंपनीनेच लाखेचा पातळ हात दिलेला असतो, आंबट लावलं की तो जागोजागी सोलतो आणि मग दांडा कोड फुटल्यासारखा दिसतो. कोरडं मऊ सुती कापड फिरवा, बस.
आता हिरव्या शेडबद्दल. या आकाराला लोक बँकर्स लॅम्प म्हणतात. १९०९ मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरिसन मॅकफॅडिनने याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि एमरलाईट नावाने तो विकला, एमरल्ड म्हणजे पाचू, त्यावरून नाव. शेडची काच युरोपात मोराव्हियात बनून जायची. तो इतका चालला की नंतर जगभर त्याच्या नकला निघाल्या, आजही निघतात, त्यामुळे नुसता आकार पाहून काहीच ठरत नाही. एक करा, शेड काढा (दोन्ही हातांनी, खाली गादी किंवा चादर टाकून) आणि तिची कड उजेडात पाहा. जुन्या चांगल्या शेडमध्ये काचेचे दोन थर असतात, बाहेर हिरवा आणि आत दुधाळ पांढरा, कडेला ते दोन्ही थर सँडविचसारखे वेगवेगळे दिसतात. आतला पांढरा थर उजेड खाली कागदावर फेकतो आणि बाहेरच्या हिरव्यातून डोळ्याला फक्त मंद उजेड येतो, दिवसभर आकडे लिहिणाऱ्या माणसासाठीच ती रचना आहे. स्वस्तातल्या नकलेत नुसती हिरवी काच असते नाहीतर आतून पांढरा रंग मारलेला असतो, तो नखाने निघतो.
दुसरं म्हणजे बैठक उलटी करून स्क्रू पाहा. डोक्यावर एकच सरळ खाच असेल तर ठीक. अधिकच्या चिन्हासारखी खाच असेल तर तो फिलिप्स स्क्रू, त्याची पेटंटं १९३६ ची, म्हणजे तो स्क्रू तरी त्याच्या नंतरचा. आणि दांड्याला लोहचुंबक लावून पाहा, चिकटलं तर लोखंडावर पितळेचा मुलामा. बैठकीत मात्र आत बिडाचं वजन भरलेलं असू शकतं, तिथे चिकटलं म्हणून घाबरू नका.
फोटो टाका, शेडच्या कडेचा नक्की टाका.

वायरमन_काका
बेटा, मी चाळीस वर्षं हेच काम केलं म्हणून सांगतो, तो लॅम्प सध्या कोणत्याही प्लगमध्ये घालायचा नाही. चालू होतो का पाहू, एक सेकंदच लावू, असं अजिबात करायचं नाही. तू जे भुग्यासारखं रबर लिहिलंस ना, ते त्या वायरचं इन्सुलेशन होतं, ते गेलं म्हणजे आत उघडी तांब्याची तार पितळेच्या नळीला टेकून राहिली आहे आणि त्या जुन्या दोन पिनच्या वायरीला अर्थिंग नाही, म्हणजे लावल्याबरोबर पूर्ण दांडा करंट मारणार. मी शिकाऊ होतो तेव्हा सदर भागातल्या एका बंगल्यात असाच लॅम्प उचलला होता, हात चिकटला तो सुटेना, उस्तादांनी लाकडी स्टुलाने दांडा उडवला म्हणून वाचलो. तेव्हापासून जुना दिवा समोर आला की मी आधी वायर कापतो आणि मग बोलतो.
नवीन वायरिंग केल्याने वस्तूची किंमत जाते असं कोणी म्हणालं तर ऐकू नकोस, वायर ही बदलायचीच गोष्ट आहे. तीन तारांची लवचिक वायर घे, वरून सुती विणकाम असलेली मिळते, जुन्यासारखीच दिसते. हिरवी तार दांड्याच्या आत धातूला रिंग लावून घट्ट आवळायची, तीन पिनचा टॉप लावायचा. नळीच्या तोंडाशी, जिथून वायर बाहेर येते, तिथे कड धारदार असते, तिथे रबरी बुश घालायला सांग, शंभरातले नव्वद जण विसरतात आणि दोन वर्षांत तिथेच वायर कापली जाते. आणि घराच्या बोर्डात तीस मिलीअँपचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा खटका) आहे का तेही पाहून घे.
होल्डर दोन खाचांचा, दाबून फिरवायचा असेल तर आपला नेहमीचा बल्ब बसेल. आट्यांचा असेल तर बाहेरून आलेला असू शकतो, अमेरिकेतला माल ११० व्होल्टचा असायचा, जुना बल्ब लावलेला असेल तर तो आपल्या २३० वर लावू नको, फुटेल. साठ वॉटचा पिवळा बल्ब आता लावूच नये, त्या बंद शेडखाली उष्णता साचते. पाच-सात वॉटचा पिवळसर एलईडी लाव, कामापुरता उजेड आणि काच थंड.
जुनी वायर, जुना खटका फेकू नको. खटका काळा किंवा तपकिरी, जड आणि गुळगुळीत असेल तर बेकलाईट, म्हणजे जुन्या काळचं टणक प्लास्टिक असेल. गरम पाण्याखाली धरून वास घेतला की फिनाईलसारखा तीव्र वास येतो.

बोजारा_१२
काकांच्या शब्दापुढे काही बोलायचं नाही, मी फक्त बायांबद्दल लिहिते.
माझा हा नाद तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोरांच्या पोळ्याच्या, लाकडी नंदीपासून सुरू झाला. आमच्या घरी पणजोबांच्या वेळचा चाकांचा नंदी आहे, दर वर्षी त्याला नवा ऑइल पेंट द्यायची पद्धत होती, बोजारा (पोळ्याची बक्षिसी) मागायला घरोघरी जाताना पोरांना चकचकीत हवा असायचा. एके ठिकाणी पोपडा उडाला तर खाली रंगाचे सात-आठ थर दिसले, लाल, निळा, पोपटी, प्रत्येक थर म्हणजे एकेका वर्षाचा पोळा. तेव्हापासून मी कोणत्याच जुन्या मूर्तीचा रंग काढू देत नाही.
तुमची जपानी बाई. दुसऱ्या महायुद्धानंतर जपान दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात होता, त्या काळात बाहेर जाणाऱ्या मालावर ऑक्युपाईड जपान असा शिक्का असायचा. २८ एप्रिल १९५२ ला शांतता करार लागू झाला आणि तो शिक्का संपला. म्हणजे तुमची वस्तू पाच-सात वर्षांच्या फटीतली आहे, इतकी नेमकी तारीख फार कमी शोपीसची सांगता येते. फार महाग वस्तू नाही ही, खोटी आशा लावत नाही, त्या काळात ढिगाने बनल्या. पण शिक्का खरा आहे का पाहा, कापसावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन एका कोपऱ्यात हलकेच लावा, नंतर मारलेला खोटा शिक्का पुसला जातो, चकाकीखालचा खरा शिक्का हलत नाही. हे फक्त तळाशी करायचं, अंगावरच्या रंगाला किंवा सोनेरी रेघेला रिमूव्हर लागू देऊ नका.
हाताचा तुकडा आजीने जपला हे वाचून डोळ्यात पाणी आलं हो. तो इन्स्टंट ग्लूने चिकटवू नका. मी माझ्या पहिल्या बाहुलीचं डोकं तसं चिकटवलं होतं, ते केसभर तिरकं बसलं, काढता येईना, वर्षभरात जोड पिवळा पडला आणि कूलरच्या दमटपणात एक दिवस आपोआप सुटून खाली पडलं, आता तीन तुकडे आहेत. म्युझियममध्ये पॅरालॉइड बी-७२ नावाचं द्रव्य वापरतात, ते अॅसिटोनमध्ये विरघळतं, म्हणजे चुकलं तर सोडवता येतं. ते मिळेपर्यंत तुकडा कापसात ठेवा. आणि बिनचकाकीची खरखरीत चिनी माती असेल तर पाण्यात बुडवू नका, पोटातून पोकळ असते, पाणी आत शिरून राहतं.
काळी बाई: वजन किती आहे? तळाच्या आतल्या बाजूला, जिथे दिसणार नाही तिथे, सुईने अगदी बारीक ओरखडा काढा. पिवळसर-लालसर निघालं तर ब्राँझ, चंदेरी-राखाडी निघालं तर जस्ताचा मिश्रधातू, त्याला स्पेल्टर म्हणतात, वरून ब्राँझसारखा रंग देत असत. स्पेल्टर ठिसूळ असतं, हाताला किंवा पायाला धरून उचलू नका, नाचणाऱ्या बाईचा घोटा हमखास तिथेच तुटतो. दोन्ही हातांनी बैठकीला धरून उचला.
आणि ती काळी बाई जन्मापासून लॅम्प होती की नंतर कोणी केली? वायरचं भोक पाहा. ओतकामातच केलेलं असेल तर कड गोलसर आणि आतही तोच काळा रंग, नंतर ड्रिल मारलं असेल तर कड धारदार आणि आतला धातू उघडा. चिनी मातीतही तसंच, कारखान्यातल्या भोकात आतपर्यंत चकाकी असते, नंतरच्या भोकात कोरी पांढरी माती दिसते. नंतर भोक पाडलं की संग्राहक किंमत कमी करतात.

इतवारीचा_पोट्टा
मी काय म्हणतो ताई, चार हजार म्हणणाऱ्या त्या माणसाले रविवारी येऊच नका देऊ. तो वाईट असंल असं नाही, पण त्याले काय पाहिजे ते तुमाले माहीत नाही, आणि माहीत नसताना सौदा करू नये. घाई तो करून राहिला, तुमाले काहून घाई? मी पोट्टा होतो तेव्हा आमच्या आजीची पितळेची समई अशीच रद्दीच्या काट्यावर गेली, किलोच्या भावानं, अजूनही तिची खाली पाच मोर होती ती बैठक डोळ्यापुढं येते.
एक कायद्याची गोष्ट सांगतो, कोणी लिहिली नाही. शंभर वर्षांच्या वरची वस्तू १९७२ च्या कायद्यानं पुरावशेष होते, त्यातल्या मूर्ती वगैरे काही प्रकारांची पुरातत्त्व खात्याकडे नोंद लागते, देशाबाहेर पाठवता येत नाही. खात्याचं ऑफिस आपल्या नागपुरातच आहे, शंका असली तर विचारून या. तुमच्या जपानी बाईले तर अजून शंभर व्हायचेच आहे. पण त्या काळ्या बाईचा चेहरा किंवा हात पांढरा-पिवळसर आहे का? त्या काळात युरोपात ब्राँझ आणि हस्तिदंत मिळून नाचणाऱ्या बाया बनवत. हस्तिदंत निघाला तर विकायचा विषयच बंद, वारशातला असला तरी.
आणि वेळ मिळाला तर अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या म्युझियममध्ये, जाऊन या, १८६३ पासून आहे, जुन्या वस्तू कशा ठेवतात ते डोळ्यानं पाहा, उन्हात नाही, कूलरसमोर तर अजिबात नाही. आपल्या मे महिन्यात वाळ्याच्या ताट्यांचं पाणी उडून पितळेवर हिरवे ठिपके पडतात.

जुना_उजेड
पोट्टा भाऊंचं बरोबर आहे. एक जोडतो. माझ्याकडे स्प्रिंगचा अँगलपॉइज, म्हणजे हात वर-खाली वाकवता येणारा टेबल लॅम्प, आहे, जॉर्ज कारवर्डाईन नावाचा मोटारीच्या सस्पेन्शनचा इंजिनिअर, १९३२ मध्ये त्याने ती कल्पना काढली आणि स्प्रिंगा बनवणाऱ्या टेरी कंपनीने लॅम्प बाजारात आणला, १९३५ च्या घरगुती मॉडेलला तीन स्प्रिंगा. माझा मी भंगारातून आणला तेव्हा सांध्याला भरपूर तेल घातलं आणि हात खाली गळायला लागला, तो सांधा स्प्रिंगांबरोबर घर्षणावरही उभा राहतो. सगळं तेल रॉकेलने धुवून काढायला चार रविवार गेले. म्हणून सांगतो, जुन्या यंत्राला काही करण्याआधी ते उभं कशावर आहे ते पाहा.

महालची_लेक
तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू कळत नाही. रविवारच्या गृहस्थांना फोन करून नाही म्हटलं, ते पाच म्हणाले, मग सात म्हणाले, तेव्हा आईनेच फोन घेतला.
आता काय काय निघालं ते सांगते. शेडची कड पाहिली, आत पांढरा थर स्वच्छ वेगळा दिसतो, नख मारलं तर काही निघत नाही. कडेला किंवा बैठकीवर काही नाव नाही, म्हणजे एमरलाईट नसेल, नसू दे. बैठकीखालचे चारपैकी तीन स्क्रू सरळ खाचेचे आणि एक अधिकचा, म्हणजे मध्ये कोणीतरी उघडला होता. खाली हिरवी बनात (जाड लोकरी कापड) चिकटवलेली आहे आणि तिच्यावर दौतीच्या बुडाएवढा निळा-काळा गोल डाग आहे, टेबलावर सांडलेल्या शाईत लॅम्प ठेवला गेला असणार. ती बनात मी बदलू देणार नाही.
काळी बाई स्पेल्टर निघाली, ओरखडा राखाडी आला, चेहरा पण धातूचाच, भोक आतून रंगवलेलं म्हणजे जन्मापासून लॅम्पच. जपानी बाईचा शिक्का पुसला गेला नाही. तिचा हात तसाच आजीच्या कागदात आहे.
काकांनी सांगितलं तशी वायरिंग करून घेतली, होल्डर आपलाच दोन खाचांचा होता, बुश घालायला मी उभी राहून सांगितलं, खरंच विसरले होते ते. जुनी वायर आणि खटका (वास आला, फिनाईलचाच) डबीत घालून वर तारीख लिहिली. काल रात्री पहिल्यांदा लावला. टेबलावर एक पिवळा चौकोन पडला आणि बाकी खोलीत हिरवट अंधार. आजोबा रात्री हिशेब करत तेव्हा आजी म्हणायची दिव्याखाली नुसते हात दिसतात, ते आता कळलं.
एकच अडचण, शेड दोन बाजूंनी पितळेच्या गोल टोप्यांनी आवळलेली असते त्यातली एक टोपी नाही, तिथे कोणीतरी तार गुंडाळली आहे. कुठे मिळेल?

इतवारीचा_पोट्टा
बाजारात शोधू नका, तिचे आटे जुळणार नाहीत. आमच्या गल्लीत एक जण लेथवर पितळेचं काम करतो, तुम्ही शनिवारी दुपारी आणा, मी सोबत येतो. जी टोपी शिल्लक आहे ती आणि दांड्याचा तो आट्याचा भाग नाप घ्यायले लागंल. शेड मात्र आणू नका, घरीच गादीवर ठेवा.