शब्दचर्चा : समानुभूती, सहानुभूती की नुसतं 'समजून घेणं'?

बावडेकर बाई :
नमस्कार. मी कोल्हापुरात नर्सिंगच्या मुलींना शिकवते. पहिल्या वर्षासाठी आम्ही मराठीतून एक छोटी पुस्तिका करतोय आणि तिसऱ्या धड्याच्या नावापाशी गाडी अडलीय. विषय 'एम्पथी'. आमच्याकडं 'समानुभूती' शिकवतात. मुली पेपरात चोख लिहितात, "दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून त्याच्या भावना समजून घेणे", आणि मार्क घेतात.

परवा वॉर्डात एक आज्जी होत्या. साखरेनं पाय गेलेला, दुसऱ्या दिवशी कापायचा ठरलेला. सकाळी त्या म्हणाल्या, "आता रानात कशी जाणार मी?" माझी सगळ्यांत हुशार मुलगी तिथं उभी होती. तिनं उशी नीट केली आणि म्हणाली, "आज्जी, काही होत नाही. टेन्शन घेऊ नका." आज्जींनी भिंतीकडं तोंड केलं. नंतर मी मुलीला बाजूला घेतलं, तर ती गोंधळून म्हणाली, "मॅडम, समानुभूती दाखवली की मी."

मुलगी वाईट नाही, मायाळू आहे. पण शब्दानं तिला काहीच हाताला दिलं नाही. दुसरा चांगला शब्द आहे का कुणाकडं?

शब्दकीडा :
आधी या 'एम्पथी'ची कुंडली मांडू. इंग्रजीतसुद्धा तो जुना शब्द नाही. टिचनर या मानसशास्त्रज्ञानं १९०९ साली 'आइनफ्यूलुंग' या जर्मन शब्दाला प्रतिशब्द म्हणून तो ग्रीक तुकड्यांतून घडवला. त्या जर्मन शब्दाचा आजाऱ्यांशी संबंध नव्हता. रोबेर्ट फिशर या जर्मन तत्त्वज्ञानं १८७३ मध्ये तो वापरला तो कलावस्तू बघण्याबद्दल. बघणारा वस्तूच्या आत शिरतो आणि तिचा ताण त्याच्या अंगात उतरतो, असं काहीसं. खिद्रापूरच्या कोपेश्वराला गेला असाल तर आठवा. देवळाच्या पायथ्याशी हत्तींची रांग आहे, अख्खं देऊळ पाठीवर घेतल्यासारखी. ते बघताना आपलीही पाठ नकळत ताठ होते. ती मूळची 'एम्पथी'. आजच्या ग्रीक भाषेत मात्र 'एम्पाथिया' म्हणजे चक्क आकस, द्वेष!

आता आपल्याकडं. 'सह-अनुभूती' म्हणजे बरोबरीनं अनुभवणं. घडणीनं बघितलं तर 'सहानुभूती'च या अर्थाला सगळ्यांत जवळ होती. वापरानं ती घसरली.

माझी सूचना 'सहवेदना'. 'वेदना' हा शब्द 'विद्' धातूतून आलाय, आणि विद् म्हणजे जाणणे. विद्या त्याच घरातली आणि वैद्यही त्याच घरातला. म्हणजे आजाऱ्याची वेदना आणि तिच्यावर इलाज करणारा वैद्य हे भाषेत नातेवाईकच आहेत.

पाटी-पेन्सिल :
व्युत्पत्ती सुंदर, पण 'सहवेदना' म्हटलं की मला शोकसभेचा फलक दिसतो. अडचण अशी आहे की मराठीतले या जातीचे सगळे शब्द आधीच कुठंतरी नोकरीला लागलेत. सहानुभूती निवडणुकीत गेली, तिची लाट येते. उरलेली अर्जात गेली, 'सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा ही नम्र विनंती'. अनुकंपा म्हणजे खरं तर दुसऱ्याच्या थरथरण्याबरोबर आपण थरथरणं, केवढा मोठा अर्थ, पण आज अनुकंपा म्हटलं की बाप गेलेल्या मुलाला खात्यात मिळणारी नोकरी. दयेचा अर्ज राष्ट्रपतींकडं जातो. करुणा संतांकडं आहे. संवेदना अर्धी श्रद्धांजलीत आणि अर्धी तपासणीच्या टेबलावर, 'तळपायाला संवेदना नाहीत'. पुळका आणि कळवळा तर टोमणे मारायलाच उरलेत.

म्हणून मी 'समानुभूती'च्या बाजूनं आहे. जीवनकौशल्यांच्या यादीमुळं तो शिक्षकांच्या तोंडी बसलाय आणि अजून कशानंही मळलेला नाही.

बावडेकर बाई :
पण त्यातलं 'सम' मला खुपतं. समान अनुभूती? माझी मुलगी एकोणीस वर्षांची आहे, दोन्ही पाय धड आहेत. तिला आज्जींसारखं कसं वाटेल? आणि वाटतंय असं ती म्हणाली तर ते खोटंच की.

पाटी-पेन्सिल :
खरंय. काहीजण 'परानुभूती' वापरतात, त्यात समोरचा 'पर' राहतो, ते जास्त प्रामाणिक आहे. पण ऐकायला 'परका' वाटतो.

तुमच्या शंकेवरून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स आठवले. १९५७ च्या त्यांच्या लेखातला मुद्दा असा, की समोरच्याचं जग आपलंच असल्यासारखं जाणायचं, पण त्यातलं 'असल्यासारखं' कधी हरवू द्यायचं नाही. आपल्याला हे शाळेतच शिकवलंय. अलंकार आठवा. उपमेय आणि उपमान एकच आहेत असं म्हटलं की रूपक. उपमेय जणू उपमानच आहे असं म्हटलं की उत्प्रेक्षा. तुमच्या मुलींना सांगा, वॉर्डात उत्प्रेक्षा चालेल, रूपक नको. 'जणू माझाच पाय' इथपर्यंत जायचं. 'माझाच पाय' झालं तर ती रडत बसेल आणि ड्रेसिंग कोण करणार?

शब्दकीडा :
हे आवडलं. माझी 'सहवेदना' मागं घेतो. (तात्पुरती.)

शिरोळचा गडी :
लई अवघड करून ठेवलंय राव तुमी. आमच्याकडं 'समजून घेणं' म्हंत्यात. झालं की.

पाटी-पेन्सिल :
भावा, ते दोन शब्द झाले. धड्याच्या नावाला एक नाम लागतं.

शिरोळचा गडी :
नाम लागतंय तुमच्या पुस्तकाला. पेशंटला न्हाई लागत.

२०१९ च्या म्हापुरात आमास्नी शाळंत आणून ठेवलं व्हतं. बीपीच्या गोळ्या वाटाय लोकं यायची. माझा चुलता गोळी घेईना. हाताला धरून सांगितलं, रागावून सांगितलं, न्हाईच. मग एक सिस्टर आली. गोळीचं नावच काढलं न्हाई तिनं. म्हणाली, "काका, जनावरं सोडून आलासा, का बांधल्याली राहिली?" चुलता ढसाढसा रडला. दोन म्हशी दाव्याला राहिल्या व्हत्या. मग तिनं गोळी दिली आन् तेनं घेतली. आता ह्याला तुमी सम म्हणा न्हाईतर पर म्हणा.

बावडेकर बाई :
...हे मी वर्गात वाचून दाखवणार. चालेल ना?

शिरोळचा गडी :
दाखवा की.

शब्दकीडा :
गडी बरोबर बोलतोय, आणि त्याच्यामागं व्याकरण उभं आहे. 'ऐकणं' वेगळं आणि 'ऐकून घेणं' वेगळं. रेडिओ आपण ऐकतो, माणसाचं ऐकून घेतो. 'समजलं' म्हणजे माहिती पोचली, 'समजून घेतलं' म्हणजे मी हात पुढं केला. हे 'घेणं' मराठीत फार काम करतं. आपण नामं शोधत बसलो आणि भाषेनं ही गोष्ट क्रियापदात ठेवलीय. (ऐकून घेण्याचा दुसरा अर्थही आहे, मुकाट्यानं बोलणी खाणं. नर्सबाईंना दोन्ही अर्थ पाठ असणार.)

आणि त्या सिस्टरनं केलं त्याला आपल्याकडं 'विचारपूस' हा अस्सल शब्द आहे. जुन्या मराठीत पुसणे म्हणजे विचारणेच. पण आपल्या कानाला त्यात डोळे पुसणंही ऐकू येतं.

ओपीडीतला :
उशिरा आलोय, पण विचारपुशीवर बोलायलाच पाहिजे. आम्हाला शिकवतात ते 'हिस्ट्री घेणं', म्हणजे पेशंटला विचारून आजाराची माहिती काढणं. तिथंही 'घेणं' आहे, पण ते सातबारा घेतल्यासारखं.

मी विदर्भातला, कोल्हापुरात शिकायला आलो. पहिल्याच आठवड्यात एक काकू म्हणाल्या, "काल शेतातनं आलो, जेवलो आन् पोटात कळ उठली." इथं बायका 'आलो, गेलो' म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं. मला हसू आलं. मोठ्यानं नाही, नुसतं ओठांवर. काकू गप्प झाल्या. पुढं मी जे विचारलं त्याला 'व्हय' किंवा 'न्हाई'. ती कळ जेवणानंतर किती वेळानं येते, पाठीकडं जाते का, काही मिळालं नाही मला. सरांनी दहा मिनिटांत सगळं काढलं. त्यांनी सुरुवात "कुठल्या गावचं म्हणायचं?" अशी केली होती.

अमेरिकेत १९८४ साली बेकमन आणि फ्रँकेल या संशोधकांनी डॉक्टर-पेशंटच्या ७४ भेटी ध्वनिमुद्रित करून तपासल्या. पेशंट बोलायला लागल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर मध्ये बोलत होते. आम्ही तरी कुठं जास्त थांबतो? पण सगळं खापर स्वभावावर फोडू नका. बाहेरची रांग जिन्यापर्यंत गेलेली असते, केसपेपरचा गठ्ठा समोर असतो आणि रात्रीची ड्युटी झालेली असते. फिलाडेल्फियाच्या जेफरसन कॉलेजात होजात आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांची एम्पथी वर्षानुवर्षं मोजली. २००९ च्या त्यांच्या अहवालानुसार ती तिसऱ्या वर्षात घसरते, म्हणजे जिथं विद्यार्थी पुस्तकातून उठून पेशंटजवळ जातो नेमकं तिथंच. याच गटाच्या २०११ च्या अभ्यासात मात्र ज्या डॉक्टरांची एम्पथी जास्त भरली, त्यांच्या मधुमेही पेशंटांची साखर जास्त आटोक्यात होती. तेव्हा हे नुसतं गोड बोलणं नाही.

आपल्याकडं २०१९ च्या बॅचपासून एमबीबीएसला वृत्ती, नीती आणि संवाद असा भागच घातलाय, आणि सुरुवातीला स्थानिक भाषाही. मला विचाराल तर भाषेचेच तास वाढवा. ठणका, ठसठस, चमक, कळ, उसण, भगभग, मुंग्या, हे सगळं केसपेपरवर एकाच 'पेन' मध्ये जातं. ठसठस म्हटलं की पू आठवला पाहिजे. चमक येते-जाते, ठणका हलत नाही. हे ज्याला कळतं त्यानं पेशंटचं निम्मं ऐकून घेतलं.

शब्दकीडा :
कळ उठते. बाळंतिणीला कळा येतात. कळ काढा म्हणजे धीर धरा. कळकळ, कळवळा, आणि कळणे. व्युत्पत्तीनं एका आईची लेकरं नसतील, पण कानाला भावंडं वाटतात. 'कळवळा' परत कामाला लावायचा का?

शिरोळचा गडी :
कळवळा नगो. डॉक्टर कळवळला तर सुई कोण मारणार?

पाटी-पेन्सिल :
हे तर माझ्या उत्प्रेक्षेचं कोल्हापुरी भाषांतर झालं.

बावडेकर बाई :
ओपीडीतले सर, तुमच्या त्या यादीवरून आठवलं. बाहेरगावच्या नव्या मुलींना आम्ही आणखी एक गोष्ट शिकवतो. नातेवाईक "सीपीआर, सीपीआर" म्हणत धावत आले तर बंद पडलेलं हृदय चालू करायला छाती दाबतात तो सीपीआर द्यायला जाऊ नका, त्यांना कोल्हापुरातल्या सीपीआर नावाच्या दवाखान्याचा रस्ता हवा असेल. हे विनोदाचं, पण त्याच रांगेतलं.

मला आणखी एक शब्द विचारायचाय, 'काळजी'. आमच्या मुली एका दमात सांगतात, "काळजी घ्या, काळजी करू नका." एक काळजी घ्यायची, दुसरी करायची नाही. परवाच्या आज्जींना नेमकी दुसरी होती आणि आम्ही पहिलीच देत बसलो. धीर द्यायची इतकी घाई होती, की कशाचा धीर द्यायचा ते विचारायचंच राहिलं.

शब्दकीडा :
हे धड्यात घाला. व्याख्येपेक्षा हे लक्षात राहील.

पाटी-पेन्सिल :
मग नाव काय ठरलं? उत्सुकता आहे.

बावडेकर बाई :
नाव 'समानुभूती'च ठेवलं. परीक्षेत तेच विचारतात, मुलींचे मार्क मी कशाला घालवू? पण पहिल्या पानावरची व्याख्या मागं ढकलली. तिथं आता आज्जींचं वाक्य आहे, "आता रानात कशी जाणार मी?" आणि खाली कोरी जागा. वर लिहिलंय, 'तुम्ही पुढं काय विचाराल?' 'काय सांगाल?' असं मुद्दाम लिहिलं नाही.

काल वर्गात करून बघितलं. तरी बहुतेक जणींनी सांगितलंच. धीर धरा, देव आहे, मुलगा बघेल, जयपूर फूट मिळतो. एकीनं मात्र लिहिलं, "आज्जी, रान किती हाय तुमचं?" वर्ग हसला. मी हसले नाही.

शिरोळचा गडी :
बराबर लिवलंय पोरीनं. पर किती हाय त्येच्या आदी, काय लावलंय ते इचारा म्हणावं. ऊस असंल तर बांधावर बसून माणसं लावता येत्यात. भात असंल तर रोपलावणीला चिखलात हुबं ऱ्हावं लागतंय.