रेप्टाइल एक्स्पोत पहिल्यांदाच टेबल घेतलंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

शिकागोजवळ राहते. घरी क्रेस्टेड गेको पाळते, आता त्यांची पिल्लंही होतात. पुढच्या महिन्यात इथून तासाभराच्या अंतरावर एक दिवसाचा छोटा रेप्टाइल एक्स्पो, म्हणजे सरपटणाऱ्या प्राण्यांचा बाजार आहे, तिथे विक्रीसाठी टेबल घेतलंय. टिनली पार्कला मार्चमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये एनएआरबीसी नावाचा मोठा एक्स्पो भरतो, तिथे बघायला नेहमी जाते. पण विकायला बसायची ही पहिलीच वेळ. साप, पाली, कासवं, मासे, काहीही अशा ठिकाणी विकलं असेल तर अनुभव सांगा.

ज्यांना हा प्राणी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं: ही न्यू कॅलेडोनियातली पाल. नामशेष झाली असंच सगळे धरून चालले होते, १९९४ साली पुन्हा सापडली. डोळ्यांवर काट्यांची झालर असते, पण मिटणारी पापणी नसते, म्हणून जिभेने स्वतःचा डोळा पुसते. पिल्लू हातावर बसून हे करतं तेव्हा बघत राहावंसं वाटतं. शेपूट गळली तर आपल्याकडच्या पालीला येते तशी परत येत नाही. २२ ते २६ अंश सेल्सिअसला मजेत राहते, २८-२९ च्या वर गेलं की हाल होतात.

कार्ड मशीन, पाट्या, पिशव्या हे जमेल. इलिनॉयच्या महसूल खात्याकडे नोंदणी झालीय, राज्याचा ६.२५ टक्के सेल्स टॅक्स आणि वर स्थानिक कर, हेही समजून घेतलंय. खरे प्रश्न वेगळे आहेत.

पिल्लं किती न्यायची? जी विकली जाणार नाहीत ती दिवसभर शेकडो अनोळखी प्राण्यांच्या हॉलमध्ये राहून घरी परत येणार. रोगाच्या भीतीने त्यांना माझ्या जुन्या माद्यांच्या खोलीत ठेवायला मन धजत नाही.

लोकांना हाताळू द्यायचं का? एका टेबलावर साप हातात घेतलेला माणूस पुढच्याच मिनिटाला दुसऱ्या टेबलावर गेको उचलतो, हे नेहमी बघते.

आणि सगळ्यात मोठा प्रश्न, नको त्या गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणायचं? ती काय खाते, कशात ठेवायची, काहीही न विचारता लोक डबा उचलून पैसे पुढे करतात. माझ्याकडे काही लिली व्हाइट मॉर्फ, म्हणजे पांढऱ्या रंगाच्या प्रकारातल्या आहेत. दोन लिली व्हाइटची जोडी लावली तर सरासरी पाव पिल्लांना ते जनुक दोन्हीकडून मिळतं आणि ती जगत नाहीत. तरी ‘दोन्ही पांढऱ्या द्या, जोडी करायचीय’ म्हणणारे भेटतातच. मागे रांग असताना हे सगळं समजावून सांगायचं कसं?

नवरा मदतीला येणार आहे. तो एच-वन-बी व्हिसावर आहे, माझ्याकडे एच-फोर ईएडी, म्हणजे त्याची बायको म्हणून मिळालेला कामाचा परवाना आहे. हे सांगून ठेवते, कारण त्याबद्दलही कोणाला काही माहीत असेल तर हवंय.

वाळूतली_रेघ

ताई, अभिनंदन. मी पेनसिल्व्हेनियात हॅम्बर्गच्या शोला बॉल पायथन (छोटे अजगर) घेऊन बसतो.

किती न्यायची याचा हिशोब टेबलाच्या लांबीवरून करू नका. परत आल्यावर वेगळ्या खोलीत किती डबे ठेवता येतील, तेवढीच न्या. परत आलेलं प्रत्येक पिल्लू आजच कुठून तरी विकत आणलंय असं समजायचं आणि दोन-तीन महिने वेगळं ठेवायचं. त्यांचं खाणंपिणं, साफसफाई दिवसात सगळ्यात शेवटी. चिमटे, वाट्या, स्प्रेची बाटली सगळं वेगळं. टेबलक्लॉथ आणि अंगावरचे कपडे थेट गरम पाण्यात. सापांवरचे माइट (रक्त पिणारे बारीक जीव) कापडावरून आरामात घरी येतात. आंघोळ केल्याशिवाय जुन्या प्राण्यांच्या खोलीत पाय ठेवू नका.

सॅनिटायझर ठेवा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. क्रिप्टोस्पोरिडियम हा पोटाचा परजीवी अल्कोहोलने मरत नाही. मी हाताळू देणं बंदच केलंय. घ्यायचं नक्की असेल तर मी माझ्या हातावर घेऊन दाखवतो, चारही बाजूंनी.

थंडीचं सांगतो. सकाळी सामान उतरवताना हॉलचे मोठे दरवाजे सताड उघडे असतात आणि वारा सरळ आत येतो. पिल्लांचे डबे थर्माकोलच्या खोक्यात न्या, दरवाजे बंद होईपर्यंत बाहेर काढू नका. टेबलावर दिवे लावायचे तर एलईडीच. हॅलोजनखाली प्लास्टिकचा बंद डबा बघता बघता तापतो, आणि तुमच्या गेकोला ते मुळीच चालणार नाही. डब्यात ओलसर किचन टॉवेल पुरे, आदल्या रात्री खाणं नको.

शेवटचं_बाक

व्हिसाबद्दल. चालू एच-फोर ईएडीवर स्वतःचा व्यवसाय करता येतो, तुमची बाजू ठीक आहे. एच-वन-बीवाल्याला मात्र ज्या कंपनीने अर्ज केलाय तिच्याचसाठी काम करता येतं. नवऱ्याने गाडी चालवली, खोकी उचलली ते वेगळं. टेबलामागे उभं राहून विकणं, पैसे घेणं, त्याच्या खात्यात पैसे येणं हे टाळा. ‘बिनपगारी मदत’ म्हटलं की सुटलो असं होत नाही. नोंदणी, बँक खातं, पैसे घ्यायचं ॲप, सगळं तुमच्याच नावावर असू द्या आणि एकदा वकिलाशी बोलून घ्या.

हिरवी_वेल

मी जर्मनीत असते, हॅम शहरात सरपटणाऱ्या प्राण्यांचा बाजार भरतो, तिथे जाते. विकत नाही, घेते, म्हणून गिऱ्हाइकाच्या बाजूने सांगते. ज्या विक्रेत्याने आधी मलाच प्रश्न विचारले त्याच्याकडूनच मी घेतलंय. तुम्हाला वाटतं तितकं ते कोणाला खटकत नाही.

डबा हातात द्यायच्या आधी एकच विचारा, ‘घरी टाकी तयार आहे का?’ नसेल तर पिल्लू त्यांच्या नावाने बाजूला ठेवा आणि टाकी घेऊन परत यायला सांगा. ज्याला खरंच हवंय तो येतो. प्रत्येक डब्यावर जन्मतारीख, वजन, आईवडील, खाणं लिहा. लहान पिल्लू असेल तर ‘नर-मादी अजून नक्की नाही’ हेही, म्हणजे जोडीचा विषय तिथेच थांबतो. लिली व्हाइटच्या डब्यावर ‘लिलीशी जोडी लावू नये’ अशी ठळक चिठ्ठी लावा आणि एका माणसाला एकच द्या.

पाच वर्षांखालचं मूल घरात असेल तर सरपटणारे प्राणी नकोत असं तुमच्याकडची सरकारी आरोग्य संस्था सीडीसीच सांगते, साल्मोनेला या जंतूमुळे. ती पाटी छापून समोर ठेवा. तान्हं बाळ कडेवर घेतलेल्या आईला तोंडाने नाही म्हणणं जड जातं, पाटीकडे बोट दाखवणं सोपं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. पाहुण्यांच्या बाथरूममध्ये एक रॅक मावतो, तेवढीच पिल्लं नेणार. नवरा गाडीपुरता. पाट्या आजच लिहायला घेते.

एकच राहिलं. शेवटच्या तासात सगळे भाव पाडतात. साधं पिल्लू ५०-६० डॉलरला ठेवणार आहे, तेव्हा मीही कमी करायचं का?

वाळूतली_रेघ

नका करू. दहा डॉलरसाठी अडून बसलेला माणूस टाकी, थर्मामीटर, डॉक्टर यांवर कुठून खर्च करणार? आणखी एक, संध्याकाळी आवराआवर करताना काही विक्रेते येऊन ‘उरलेली सगळी एकदम देता का’ म्हणून विचारतील. दिवसभर उभं राहून दमल्यावर हो म्हणावंसं वाटतं, म्हणून उत्तर सकाळीच ठरवून ठेवा. माझं उत्तर नाही असतं. ती पिल्लं पुढच्या शनिवारी कुठल्या टेबलावर असतील आणि कोणाच्या हातात जातील, हे मग मला कधीच कळणार नाही.