ब्रिटिश झाल्यावर 'एथ्निक ग्रुप'च्या रकान्यात काय लिहायचं?

सायलीची_आई
नमस्कार मंडळी. घरात दोघांच्या आयएलआरला (यूकेत कायम राहण्याच्या परवानगीला) आता वर्ष होईल, नागरिकत्वाचा अर्ज भरायला घेतलाय. मुलगी चार वर्षांची, इथेच जन्मलेली, पण आमच्या आयएलआरच्या आधी. जीपी (इथला फॅमिली डॉक्टर) आणि शाळा, दोघांच्याही फॉर्मवर 'एथ्निक ग्रुप'चा रकाना आहे. ब्रिटिश झाल्यावरही 'इंडियन'वरच खूण करायची का? ओळखीतले बरेच जण तो कोराच सोडतात, म्हणतात आपणहून वेगळं कशाला पडा. शिवाय अर्जाच्या तारखा कशा मोजतात, मुलीचं काय करायचं, आणि भारतीय पासपोर्ट नेमका कधी परत करायचा? साताऱ्याकडे सासऱ्यांच्या नावावर शेती आहे. पुढे वारस म्हणून नाव लागायला अडचण येईल का?

हॅरोकर
ताई, इथल्या फॉर्मवर तीन वेगळ्या गोष्टी विचारतात आणि आपण त्या एकच समजतो. नॅशनॅलिटी म्हणजे कोणत्या देशाचे नागरिक, नॅशनल आयडेंटिटी म्हणजे स्वतःला काय म्हणवता, आणि एथ्निक ग्रुप म्हणजे मूळ कुठलं. २०२१ च्या इंग्लंड-वेल्सच्या जनगणनेत राष्ट्रीय ओळख आणि वांशिक गट असे दोन स्वतंत्र प्रश्न होते. एकात 'ब्रिटिश' आणि दुसऱ्यात 'एशियन, एशियन ब्रिटिश' या मथळ्याखालचं 'इंडियन', अशा दोन खुणा एकाच माणसाच्या असण्यात काहीच विसंगत नाही. 'इंडियन'वर खूण करणारे तेव्हा साडेअठरा लाखांच्या वर होते, लोकसंख्येच्या ३.१ टक्के. पासपोर्ट बदलल्याने त्या रकान्यातलं उत्तर बदलत नाही.

जीपीकडचा रकाना तर कृपा करून कोरा सोडू नका. इंग्लंडमध्ये ४० ते ७४ या वयात एनएचएस (सरकारी आरोग्यसेवा) हेल्थ चेकला बोलावते. पुढच्या दहा वर्षांत हृदयविकार किंवा पक्षाघात होण्याचा धोका तिथे क्यूरिस्क नावाच्या सूत्राने काढतात. त्या सूत्रात वांशिक गटाचा पहिलाच पर्याय आहे 'व्हाइट ऑर नॉट स्टेटेड'. म्हणजे काही न सांगणारा माणूस गोरा धरूनच हिशेब होतो. वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल सगळं तेच ठेवा आणि फक्त तिथे 'इंडियन' निवडा, टक्केवारी वर सरकते. १० टक्क्यांच्या पुढे गेलं की स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी, गोळी सुचवतात, त्यामुळे काठावरच्या माणसाला या एका खुणेने फरक पडतो. वजनाचंही तसंच. उंची १७० सेंटिमीटर आणि वजन ७० किलो असेल तर बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २४.२ येतो. गोऱ्या माणसासाठी तो ठीक, कारण त्यांची जादा वजनाची रेघ २५ वर आणि लठ्ठपणाची ३० वर. दक्षिण आशियाई लोकांसाठी ती २३ आणि २७.५ वर आहे. आपल्याकडे मधुमेह कमी वजनालाच गाठतो, म्हणून.

शाळेला वांशिक गट सांगायला नकार देता येतो, पण मुलीची पहिली भाषा 'मराठी' असेल तर तशी जरूर लिहा. 'इंग्लिश' लिहिलं की मूल हुशार समजतील, या आशेने पालक खोटं लिहितात. इंग्लंडच्या शाळांच्या निधीसूत्रात घरी दुसरी भाषा असलेल्या मुलांसाठी पहिली तीन वर्षं जादा पैसे धरलेले असतात. ते आपण हातचे घालवतो.

वेगळं पडायची भीती मी समजू शकतो. पण २०१० च्या इक्वालिटी अॅक्टमध्ये 'रेस'च्या व्याख्येत रंग, राष्ट्रीयत्व, वांशिक मूळ आणि राष्ट्रीय मूळ असं सगळं येतं. ब्रिटिश झाल्याने ते संरक्षण जात नाही, आणि रकाना कोरा ठेवल्याने ते वाढतही नाही.

उत्तरा_रेडिंग
तारखांचं सांगते. अर्जाआधीच्या पाच वर्षांत यूकेबाहेरची गैरहजेरी ४५० दिवसांपर्यंत चालते, त्यातली शेवटच्या १२ महिन्यांत ९०. निघाल्याचा आणि परतल्याचा दिवस धरत नाहीत: १ डिसेंबरला उड्डाण आणि २२ ला परत, तर २० दिवस. थोडं वर गेलं, ४८० किंवा १०० पर्यंत, तर सहसा सोडून देतात. जोडीदार ब्रिटिश असेल तर हिशेब तीन वर्षांचा आणि २७० दिवसांचा.

अर्ज आणखी एका कारणानेही फेटाळला जातो. अर्जाच्या बरोबर पाच वर्षं आधी तुम्ही प्रत्यक्ष यूकेत हजर असायला हवं. १० मार्च २०२६ ला अर्ज केला तर ११ मार्च २०२१ ला इथे असलं पाहिजे. त्या दिवशी भारतात होतात? मग परतल्याच्या तारखेला पाच वर्षं होईपर्यंत थांबा आणि मग भरा. जुन्या पासपोर्टवरचे शिक्के, विमानकंपन्यांच्या ईमेल यांवरून सगळ्या सहलींची यादी आधी करून ठेवा.

दोन रेफरी (तुमची ओळख पटवणारे) लागतात, दोघंही तीन वर्षं ओळखणारे. एक व्यावसायिक (शिक्षक, अकाउंटंट वगैरे, कुठल्याही देशाचा), दुसरा ब्रिटिश पासपोर्टवाला, आणि तो व्यावसायिक नसेल तर २५ च्या वरचा. एकाच घरातलं जोडपं दोन्ही जागी घालू नका, एकमेकांचे नातेवाईक चालत नाहीत.

मुलीसाठी आधी आयएलआर काढू नका! एप्रिल २०२५ च्या दराने त्याचे ३,०२९ पौंड होत होते, आणि तिला त्याची गरजच नाही. इथे जन्मलेल्या मुलाच्या आईवडिलांपैकी एकाला आयएलआर मिळालं की एमएन१ फॉर्मवर थेट ब्रिटिश म्हणून नोंदणी करता येते, आयएलआरनंतर तुम्हाला वर्षभर थांबावं लागतं त्याच्याशी याचा संबंध नाही. त्याची फी त्याच दराने १,२१४ पौंड होती. मोठ्यांची १,६०५ आणि नागरिकत्वाच्या शपथेच्या समारंभाचे १३०. दर बदलत राहतात, भरायच्या दिवशी गव्ह डॉट यूकेवर बघून घ्या. आयएलआरला दिलेली 'लाइफ इन द यूके' परीक्षा पुन्हा द्यावी लागत नाही.

सायलीची_आई
उत्तराताई, हॅरोकर, मनापासून आभार. एमएन१ बद्दल कोणीच सांगितलं नव्हतं. पासपोर्टचं आणि शेतीचं कोणाला माहीत आहे का?

सातबारा
१९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे, समारंभात शपथ घेतली की भारतीय नागरिकत्व त्याच दिवशी आपोआप संपतं. पासपोर्ट परत करणं हा त्यानंतरचा कागद. त्या दिवसानंतर भारतीय पासपोर्टवर प्रवास करू नका, तो गुन्हा आहे. इथला आयएलआरही त्याच दिवशी संपतो, म्हणजे ब्रिटिश पासपोर्ट हातात येईपर्यंत प्रवास बंद. क्रम असा: समारंभ, ब्रिटिश पासपोर्ट, भारतीय पासपोर्ट सरेंडर, मग ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणारं कार्ड). समारंभानंतरच्या महिन्याची तिकिटं काढू नका. ओसीआय येण्याआधी तातडीने जायची वेळ आली तर ब्रिटिश पासपोर्टवर ई-व्हिसा काढता येतो.

फक्त इथे मत देता यावं म्हणून कोणी घाई करत असेल तर थांबा. राष्ट्रकुलातला नागरिक म्हणून भारतीय पासपोर्टवरही संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं, नाव यादीत असलं की झालं.

शेती: ओसीआयवाल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारसाने येते आणि ठेवता येते. विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. इथून कोणाला कुलमुखत्यारपत्र देणार असाल तर ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करून घ्यावं लागतं.

आता नावाचं, हे अर्ज भरायच्या आधी ठरवा. भारतीय पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव बसलेलं असतं. पगारपत्रक, बँक यांत ते नसतं, म्हणून लोक नागरिकत्वाच्या अर्जात ते गाळतात. प्रमाणपत्रावर जे छापलं जाईल तेच ब्रिटिश पासपोर्टवर येतं आणि त्यावरून ओसीआयवर. मग सरेंडरच्या वेळी जुन्या पासपोर्टशी नाव जुळत नाही आणि नावबदलाचे पुरावे मागतात. पुढे वारस नोंदीला तलाठ्याकडे गेलात की तिथेही ही तीच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र लागतं. सातबाऱ्यावर नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव असं पूर्ण लागतं, तेव्हा मधलं नाव ठेवूनच अर्ज करा. इथे ते 'मिडल नेम' म्हणून चालून जातं. मुलीच्या एमएन१ वरही तेच, जन्मदाखल्याशी अक्षर न् अक्षर ताडून.