मदत हवी आहे: आरोग्यातल्या विषमतेवरचा ऑनलाइन कोर्स कसा बांधू?

नमस्कार मंडळी, मी इंदूरची, कॉलेजात समाजकार्याच्या मुलांना शिकवते. जुलैपासून आरोग्यातली विषमता हा पेपर पूर्ण ऑनलाइन घ्यायचाय, बारा आठवडे, साठेक मुलं, त्यातली निम्मी झाबुआ, अलीराजपूर, धारकडची. मागच्या वर्षी यातलं एक युनिट ऑनलाइन घेतलं होतं आणि खरं सांगते, फसलं. मी पन्नास मिनिटं स्लाइड्स दाखवत बसायचे, समोर सगळे कॅमेरे बंद. एसआरएसचे, म्हणजे सरकारच्या जन्म-मृत्यूच्या नमुना पाहणीचे, २०२० चे आकडे दाखवले, हजार जन्मांमागे केरळात ६ बाळं वर्षाच्या आत दगावतात आणि आपल्या मध्य प्रदेशात ४३, वाटलं आता तरी कुणी काही विचारेल, तर चॅटमध्ये "मॅम पीपीटी भेज दीजिए" एवढंच.

एकच तास वेगळा झाला. सिलिकोसिस चालू होतं, म्हणजे अलीराजपूर-झाबुआकडची माणसं गोध्र्याकडे क्वार्ट्झ दळायच्या कारखान्यांत मजुरीला जायची, दगडाची भुकटी फुफ्फुसात बसायची आणि गावी परतून एकेक जण जायचा. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने गुजरात सरकारला २३८ मृतांच्या वारसांना तीन-तीन लाख द्यायला लावले, एवढं सांगितलं आणि एका मुलीने माइक चालू केला. नेटवर्कसाठी घरामागच्या टेकाडावर जाऊन बसली होती, मागे कोंबडा आरवत होता. म्हणाली, माझे काका होते त्यात, चार पावलं चालले की भिंत धरून उभे राहायचे, आणि औषधं मात्र टीबीचीच चालू होती. मग कितीतरी वेळ कुणीच बोललं नाही आणि नंतर चॅटमध्ये एकामागून एक, कुणाची आजी, कुणाची वहिनी पिकअपमध्येच बाळंत झालेली.

पण दुसऱ्या दिवशी त्याच मुलीचा मेसेज, मॅम, माझं बोलणं रेकॉर्डिंगमधून काढाल का, घरी कळलं तर वाईट वाटेल. काढलं लगेच. तेव्हापासून डोक्यात तेच आहे. मुलांचं जगणं वर्गात आलं तरच हा विषय कळतो, पण दर आठवड्याला आदिवासी मुलांनीच आपलं दुःख मांडायचं आणि इंदूरच्या मुलांनी नोट्स काढायच्या, हे मला अजिबात पटत नाही. कुणी असा कोर्स घेतला असेल तर सांगा ना, कशी कामं देता? आणि लांब व्हिडिओ नकोत, बऱ्याच जणांचा डेटा दुपारीच संपतो.

प्रतिसाद:
ताई, मी बडोद्याला नर्सिंगच्या मुलींना शिकवते. तुमच्या मुलांना दुःख विचारूच नका, रस्ता विचारा. पहिल्या आठवड्यात सगळ्यांना एकच काम, शहरातल्यांनाही: रात्री दोनला घरात बाईला कळा सुरू झाल्या तर सिझर होणाऱ्या दवाखान्यापर्यंत कसं पोचाल, किती किलोमीटर, गाडी कुणाची, पैसे कुणाकडे मागाल. हाताने कागदावर काढायचं, फोटो पाठवायचा, नाव नाही लिहायचं. मग सगळे कागद एकाखाली एक लावा आणि तुम्ही गप्प बसा. माझ्याकडे एकीचा कागद दोन ओळींत संपला होता, दुसरीच्या कागदात आधी नदी, मग सरपंचाची जीप, मग डिझेलचे पैसे. त्या दिवशी शहरातल्या मुलीच जास्त प्रश्न विचारत होत्या.

मूळ लेखिका:
हे नक्की करणार, खूप आभार ताई. फक्त एक सांगा, नाव नसलं तरी नदीचं किंवा फळियाचं, म्हणजे पाड्याचं, नाव आलं की साठ जणांत लगेच ओळखू येणार ना कुणाचा कागद आहे ते? तुम्ही गावांची नावं आधी खोडून मग लावता, की मुलींनाच विचारता?