मदत हवी आहे: जेटीवरून गळ टाकल्यावर दोरी ढिली पडते

खाडीकाठ: जेटी पाण्यापासून ४-५ मीटर उंच, खाडीच्या तोंडाशी, तळ वाळूचा. रॉड ९ फुटी, रील ४००० आकाराचं, ०.४० मिमी तंगूस (एकपदरी नायलॉन दोरी), ६० ग्रॅम गोल शिसं, आमिष कोळंबी. टाकल्यावर थोड्याच वेळात दोरीला पोट सुटतं आणि ती वाहत खांबांकडे येते. टोचणी कळत नाही, आमिष मात्र साफ. शिवाय रीलवर सैल वेटोळी बसतात आणि पुढच्या फेकीला गुंता होतो. शिसं वाढवू की दोरी बदलू?

उधाणवारा: आधी दोरी. उंच जेटीवर दोरीचा बराच भाग हवेत असतो, तो वारा ढकलतो. पाण्यातला भाग प्रवाह ढकलतो. जाडी निम्मी केली की हा रेटाही साधारण निम्मा होतो. ०.२० मिमी ब्रेड (विणलेली बारीक दोरी) भरा. पण ब्रेड खांबावरच्या कालवांना घासली की सुरीने कापल्यासारखी तुटते, म्हणून पुढे ०.६० मिमी मोनोचा, म्हणजे तंगूसाचा, निदान ३ मीटर लीडर (ब्रेडच्या पुढे जोडलेला जाड तुकडा) हवाच. दोन्ही जोडायला एफजी गाठ जमत नसेल तर डबल युनी गाठ: ब्रेडचे ८ वेढे, मोनोचे ४.

गोल शिसं वाळूवर गडगडतं. तारांचं ग्रिप शिसं घ्या, १०० ग्रॅमच्या आसपास. मात्र रॉडवर लिहिलेली फेकीची मर्यादा आधी बघा.

आता फेक. प्रवाहाच्या वरच्या अंगाला तिरकं टाका. शिसं तळाला बसलं की लगेच ताणू नका, ८-१० मीटर दोरी आणखी सोडा, मग पिकअप (रीलवरची दोरी अडवणारी तारेची कडी) बंद करून रॉडचं टोक किंचित वाकेपर्यंतच गुंडाळा.

खाडीकाठ: म्हणजे पोट मुद्दाम सोडायचं? मला तर तेच नकोय.

उधाणवारा: पोट असू द्या, ढिलेपणा नको. सरळ ताणलेली दोरी उंचावरून शिशाला वर उचलते आणि तारा सुटतात. पोट पडलं की ओढ तळालगत, आडवी लागते. तारा वाळूत रुततात आणि प्रवाहच दोरी ताणून धरतो. अशा मांडणीत मासा आमिष घेऊन हलला की शिसं सुटतं आणि वाकलेलं टोक एकदम सरळ होतं. हीच टोचणी! झटका मारू नका. वजन हाताला लागेपर्यंत भराभर गुंडाळा, मग रॉड सावकाश उचला. २/० किंवा ३/० मापाची सर्कल गरी (आत वळलेल्या टोकाची) असेल तर ती आपसूक जबड्याच्या कोपऱ्यात बसते. झटक्याने उलट तोंडातून निसटते.

भांगभरती: रीलबद्दल. पिकअप हँडल फिरवून नव्हे, हाताने बंद करा आणि पहिल्या फेऱ्याआधी दोरी एकदा ओढून ताणा. सगळा फरक तिथे पडतो. रिकामं गुंडाळताना रीलपुढे दोरी चिमटीत धरा. स्पूल (रीलची दोरी भरायची फिरकी) काठापासून २ मिमी खालीच भरा. वेटोळं वर आलेलं दिसलं तर त्यावर गुंडाळत बसू नका; पिकअप उघडा, वेटोळं सुटेपर्यंत दोरी हाताने काढा आणि ताणून पुन्हा भरा.

वाऱ्यासाठी रॉडचं टोक पाण्याकडे खाली धरा. सवयीने सगळे टोक आभाळाकडे ठेवून उभे असतात आणि वाऱ्याला शीड पुरवतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात भर ओढीच्या वेळी ही कसरत करण्यापेक्षा अष्टमीच्या आसपासचे भांगाचे, म्हणजे कमी ओढीचे, दिवस घ्या.

खाडीकाठ: आणि लागलेला मासा जेटीकडेच धावला तर?

उधाणवारा: मागे सरायला जागा नसते, म्हणून रील जोरात आणि रॉड वाकलेला. तांबोशी हमखास खांबांत घुसते. तुम्ही कठड्यालगत चालत जाऊन तिला आडवी ओढ द्या, ड्रॅग (रीलचा ब्रेक) तेवढ्यापुरता घट्ट. वर घेताना दोरीने लटकवू नका, दोरखंडाला बांधलेली गोल जाळी खाली सोडा. ती मासा लागण्याआधीच कठड्याला बांधून तयार असावी.