पुण्याच्या वेताळ टेकडीवर सायकलबंदी : टेकडी नेमकी कोणाची?

उतारप्रेमी : "वेताळबाबाच्या देवळाकडे जाणाऱ्या सर्व वाटांवर माउंटन बाइकला बंदी घालावी, टेकडी चालणाऱ्यांची आहे," असे येथे परवा कोणी लिहिले आणि अनेकांनी माना डोलावल्या, म्हणून हे सविस्तर उत्तर. टेकडीचा सातबारा चालणाऱ्यांच्या नावावर कधी झाला? पावसाळ्यात बूट चिखलात भरू नयेत म्हणून कडेच्या गवतातून जात एका वाटेच्या तीन वाटा कोण करते, हे एआरएआय या वाहन संशोधन संस्थेच्या बाजूने वर येणाऱ्या प्रत्येकाला दिसते. मॉन्टानामधील १९९४ च्या अभ्यासात तर मुद्दाम ओल्या केलेल्या वाटांवरही चाकांपेक्षा पावलांनीच अधिक माती सुटलेली आढळली होती.

पंचवटीकर : मॉन्टानाची माती मॉन्टानाला लखलाभ. आपल्याकडे कातळावर मुरमाचा पातळ थर असतो. उतारावरच्या वळणावर तुम्ही ब्रेक दाबता, मागचे चाक न फिरता घसटत जाते, बोटभर खोल चर पडतो आणि पुढच्या सरीचे पाणी नेमके तोच चर धरते. शिवाय माझी आई सत्तरीपुढची असून तिला ऐकू कमी येते. गेल्या अमावास्येला दर्शन घेऊन उतरताना मागून आलेल्या सायकलीमुळे ती करवंदीच्या जाळीत पडली आणि ते गृहस्थ "साइड, साइड" ओरडत निघून गेले. याचा अभ्यास कोणत्या साली झाला?

सलई : चाके आणि पावले यांवर भांडताना तुम्ही दोघेही ग्लिरिसिडिया, म्हणजे उंदीरमारी, या बाहेरून आणलेल्या झाडाच्या सावलीत उभे आहात. लवकर वाढते आणि गुरे सहसा तोंड लावत नाहीत म्हणून वनखात्याने ती लावली. तिच्या दाट रांगांखाली गवत धरत नाही, आणि गवत नसले की माती कोणाच्याही पायाखाली वाहूनच जाणार. सलई, मेडशिंग, गणेर हे येथले मूळचे रहिवासी कोपऱ्यात गेले आहेत.

जुना टेकडीकर : ज्यांनी उघडे उतार पाहिलेले नाहीत, त्यांनी आयत्या सावलीत बसून वनखात्याला शिकवू नये. ती झाडे जगली म्हणून आज येथे जंगल म्हणण्यासारखे काही आहे.

सलई : तुम्ही ज्याला उघडे म्हणता त्या गवतात चंडोल आणि लावे घरटी करतात; त्यांना सावली नको, गवत हवे. बाटल्यांनी पाणी घालून माळावर वड-पिंपळ वाढवणारी मंडळीही तुमच्याच पंथाची!

जुना टेकडीकर : झाड लावणे हाही आता गुन्हा ठरला, तेव्हा आम्ही पुण्यवान लोकांपुढे बोलणे थांबवतो.

उतारप्रेमी : विषय सायकलींचा होता, याची आठवण करून देतो. आईंना पाडून न थांबणारा माणूस सायकलस्वार म्हणवून घेण्यास नालायक आहे, हे मान्य. देवळाजवळ उतरून सायकल हातात धरू, जमीन ओली असेल तेव्हा वर आणणार नाही. खुशाल तशी पाटी लावा. मात्र त्याच पाटीवर चालणाऱ्यांसाठी "चिखल असला तरी वाट सोडू नये" असेही लिहा.

पंचवटीकर : लिहू. चार महिने तरी तुमच्यापासून सुटका होत असेल, तर बुटांना चिखल लागलेला परवडला. उरलेल्या आठ महिन्यांत आईला मागून येणारी सायकल कशी ऐकू यायची, तेवढे सांगा.